रिमेक बघून आल्यावर भांडण का होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर', 'बघा' यातले निम्मे काढलेत, उरलेले राहू दिलेत.

आजचा विषय आहे हॉलिवूडचे अलीकडचे सिनेमे, त्यातही रिमेक. यांच्यावरून इतकी टोकाची मतं का पडतात? एकाला सिनेमा 'बालपणाचा खून' वाटतो, दुसरा म्हणतो 'मस्त होता की, पोरांनी टाळ्या वाजवल्या'. दोघांनी एकाच हॉलमध्ये, एकाच शोला बघितलेला असतो.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणून विषय दोन मिनिटांत संपवता येतो. चूक नाही त्यात काही. पण मतं नुसती वेगळी असती, तर ती कशीही विखुरलेली दिसली असती. इथे तसं दिसत नाही. इथे ठराविक गट पडतात आणि सिनेमामागून सिनेमा तेच गट पुन्हा दिसतात. असा पॅटर्न दिसला की माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. त्याच्या मागे काहीतरी यंत्रणा असणार, ती आज उघडून बघू.

एक सिनेमा, चार निकाल

सुरुवात 'द लायन किंग'पासून करू. मूळ सिनेमा १९९४चा, हाताने काढलेल्या चित्रांचा. २०१९ मध्ये जॉन फॅव्ह्रोने तीच गोष्ट कॉम्प्युटरवर नव्याने केली, आणि ती इतकी खरी दिसते की एखादी वन्यजीवांवरची डॉक्युमेंटरी वाटावी. सुरुवातीचा सूर्योदयाचा शॉट तेवढा खऱ्या कॅमेऱ्याने घेतलेला आहे, बाकी सगळं बनवलेलं.

आता निकाल बघा. रॉटन टोमॅटोज या साईटवर समीक्षकांपैकी जेमतेम निम्म्यांनी सिनेमा बरा म्हटला, आकडा ५२ टक्क्यांच्या आसपास. त्याच साईटवर प्रेक्षकांचा आकडा ८८च्या जवळपास. पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून जो सिनेमास्कोर काढतात, त्यात 'ए'. आणि जगभरातला गल्ला १६० कोटी डॉलरच्या वर.

मग सिनेमा चांगला की वाईट? समीक्षकांना कळत नाही, की प्रेक्षकांना? हा वाद आपण सगळ्यांनी घातलाय. माझं म्हणणं असं आहे की हे चार आकडे म्हणजे चार वेगळ्या प्रश्नांची चार उत्तरं आहेत. आपण ती एकाच प्रश्नाची समजतो, आणि तिथूनच भांडण सुरू होतं.

टक्का कसा बनतो

आधी आकड्यांचं बघू, कारण हल्ली भांडणात पहिला दगड तोच फेकला जातो.

रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे गुण नाहीत. ९० टक्के म्हणजे 'दहापैकी नऊ मार्क' असं नसतं. प्रत्येक परीक्षणावर एकच शिक्का बसतो, बरं की वाईट. हो किंवा नाही. मग 'हो' किती जणांनी म्हटलं ते मोजतात. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर तो बूलियन आहे.

एक छोटं गणित करू. समजा 'अ' नावाचा सिनेमा दहा समीक्षकांनी बघितला आणि सगळ्यांनी दहापैकी सहा दिले. ठीकठाक, वेळ गेला, घरी आलो. दहाही शिक्के 'बरं'. टक्का १००. आता 'ब' सिनेमा. पाच जण वेडे झाले, दहापैकी दहा. उरलेल्या पाच जणांना पटला नाही, त्यांनी पाच दिले. टक्का ५०. सरासरी काढली तर 'अ'ची सहा, 'ब'ची साडेसात. पण मोबाइलवर दिसणार काय? एकाला शंभर, दुसऱ्याला पन्नास.

म्हणजे कुणालाच न दुखावणारा मध्यम सिनेमा या पद्धतीत वर जातो आणि लोकांना दोन गटांत पाडणारा सिनेमा खाली येतो. टक्का सांगतो 'किती जणांना चालला'. 'किती आवडला' हे तो सांगतच नाही.

सिनेमास्कोरचं वेगळंच. तो अमेरिकेत, पहिल्या दिवशी आलेल्या प्रेक्षकांना विचारून काढतात. आता विचार करा, पहिल्या दिवशी कोण जातं? ज्याला आधीपासून बघायचाच होता तो. म्हणून तिथे 'बी' मिळाला तरी निर्मात्यांच्या कपाळावर आठी येते. ओळखीच्या लोकांत बसून गाणं म्हटल्यावर टाळ्या मिळणारच, तिथेही थंड प्रतिसाद आला तर काळजी करायची.

आणि साईटवरचे प्रेक्षकांचे आकडे? तिथे कोण लिहितं, हाच सगळा खेळ. स्टार वॉर्सच्या दोन सिनेमांकडे बघा. २०१७चा 'द लास्ट जेडाय', दिग्दर्शक रायन जॉन्सन. समीक्षकांचा आकडा ९१च्या आसपास, प्रेक्षकांचा जेमतेम चाळिशीत. दोन वर्षांनी २०१९ मध्ये आला 'द राइज ऑफ स्कायवॉकर'. तिथे बरोबर उलटं झालं. समीक्षक पन्नाशीत, प्रेक्षक ८६च्या आसपास. पुष्कळांनी निष्कर्ष काढला की पहिला सिनेमा समीक्षकांचा आणि दुसरा जनतेचा.

पण सिनेमास्कोर बघितला तर 'लास्ट जेडाय'ला 'ए' आणि 'राइज ऑफ स्कायवॉकर'ला 'बी प्लस'. म्हणजे थिएटरच्या दारात विचारलेल्या लोकांना पहिलाच जास्त आवडला होता.

हे कसं काय? एक कारण असं की मधल्या काळात मोजायची पद्धतच बदलली. २०१७ मध्ये कुणीही अकाउंट उघडून मत टाकू शकत होतं, सिनेमा बघितला असो वा नसो. २०१९ मध्ये त्या साईटने प्रदर्शनापूर्वीचा 'बघायचाय की नाही' हा टक्का काढून टाकला आणि मे महिन्यापासून तिकीट काढल्याची खात्री झालेल्या लोकांचाच आकडा ठळकपणे दाखवायला सुरुवात केली. ती खात्री सुरुवातीला फँडँगो या अमेरिकेतल्या तिकीटविक्री कंपनीमार्फत होत होती. एका सिनेमाला उघड्या मैदानातल्या गर्दीने मोजलं आणि दुसऱ्याला तिकीट दाखवून आत आलेल्यांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बघा, जनता काय म्हणते' असं म्हणता येत नाही.

डोक्यातला जुना सिनेमा

बरं, आकडे बाजूला ठेवू. समजा साईट्सच नाहीत. तरीही रिमेकवरून भांडण होईल का? होईल.

आमच्या कामात एक अनुभव नेहमीचा आहे. एखाद्या ॲपची रचना बदलली, बटणं इकडची तिकडे केली, की पहिल्या आठवड्यात एक-एक स्टारचा पाऊस पडतो. 'जुनं परत आणा', 'कोणी सांगितलं होतं बदलायला?' आणि त्याच आठवड्यात ज्यांनी ॲप पहिल्यांदा टाकलं, ते चार-पाच स्टार देऊन मोकळे होतात. स्क्रीन दोघांसमोर एकच असते. जुना माणूस फरक बघतो, नवा माणूस ॲप बघतो.

रिमेकचं अगदी असंच असतं. १९९४चा सिंबा ज्याच्या मनात आहे, तो २०१९चा सिनेमा बघतच नाही, तो दोन सिनेमांमधला फरक बघतो. आणि फरक खरोखरच मोठा आहे. हाताने काढलेल्या सिंहाला भुवया असतात, डोळे मोठे होतात, ओठ थरथरतात. मुफासा गेल्यावर त्या पिल्लाच्या चेहऱ्यावर काय झालं होतं ते आपल्याला आठवतं. खऱ्यासारखा सिंह करायचा ठरवलं की खऱ्या सिंहाला जे जमत नाही ते त्यालाही जमत नाही. खरा सिंह रडत नाही, खांदे पाडत नाही. आवाज रडतो आणि चेहरा तसाच राहतो. जुन्या प्रेक्षकाला हे टोचतं, कारण त्या जागी काय होतं हे त्याला पाठ आहे.

सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात तो जुना सिनेमा नाहीच. तिच्यासाठी हा खराखुरा सिंह आहे, बोलतो आहे आणि त्याचे बाबा गेलेत. तिचं रडणं खोटं म्हणायचं का?

उलटा प्रयोगही होऊन गेलाय. हिचकॉकचा 'सायको' १९६०चा. १९९८ मध्ये गस व्हॅन सँटने तो जवळजवळ शॉटला शॉट जोडून पुन्हा केला, फक्त रंगीत. म्हणजे 'मूळ सिनेमाला हात लावू नका' म्हणणाऱ्यांचं स्वप्नच. तरी तो पडला. का? १९६० मध्ये लोक थिएटरात गेले तेव्हा त्यांना वाटलं होतं की ही त्या पैसे घेऊन पळालेल्या बाईची गोष्ट आहे. सिनेमा निम्मा व्हायच्या आत ती मरते आणि प्रेक्षकाच्या पायाखालची फळी निघते. हे फुटू नये म्हणून हिचकॉकने सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नका असा नियम थिएटरांना घालून दिला होता. १९९८ मध्ये ते न्हाणीघर सगळ्या जगाला माहीत होतं. शॉट तेच आले, धक्का आला नाही. माहीत नसणं हा त्या सिनेमाचाच एक भाग होता, आणि त्याची नक्कल करता येत नाही.

आणि डोक्यात जुना सिनेमा नसेल तर काय होतं? मग रिमेक हा रिमेक वाटतच नाही. मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द डिपार्टेड'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तो २००२च्या हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'चा रिमेक. काही वर्षांपूर्वी तेच ऑस्कर मिळवणारा 'कोडा' हा २०१४च्या एका फ्रेंच सिनेमाचा रिमेक. १९४१चा 'द मॉल्टीज फाल्कन', ज्याला लोक अभिजात म्हणतात, तो त्या कादंबरीवरचा दहा वर्षांतला तिसरा सिनेमा होता. आधीचे दोन आज कुणाच्या लक्षात आहेत?

आपल्या घरातलंच बघा ना. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा. पिढ्यांनी संवाद पाठ केलेत, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर लागला की आपण रिमोट खाली ठेवतो. त्याचं मूळ हृषीकेश मुखर्जींचा १९६६चा 'बीवी और मकान'. 'मूळ सिनेमाची वाट लावली' असं कुणी म्हणताना ऐकलंय? नाही, कारण आपल्या डोक्यात तुलनेला दुसरं काही नव्हतंच. आपल्यासाठी धनंजय माने पहिल्यापासून तिथेच राहतात.

म्हणून मला वाटतं, 'रिमेक वाईटच असतात' हे वाक्य अर्धवट आहे. ज्याचं मूळ आपल्याला जवळचं आहे असे रिमेक आपल्याला रिमेक म्हणून दिसतात. बाकीचे नुसते सिनेमे म्हणून निसटून जातात, त्यातले चांगले तर हमखास.

तिकीट कशासाठी काढलं

समीक्षक वर्षभर आठवड्याला तीन-चार सिनेमे बघतो. ते त्याचं काम आहे. त्यामुळे त्याला तोचतोचपणा आपल्या आधी टोचतो. तिसरा सुपरहीरो शहर वाचवतो तेव्हा त्याला आधीचे दोन आठवत असतात. एखादी गोष्ट पुन्हा केली तर त्याचा पहिला प्रश्न साहजिकच 'का?' हा असतो. नवं काय आणलंत?

दोन मुलं घेऊन निघालेले आई-बाबा हा प्रश्न घेऊन जात नाहीत. वर्षातून दोन-तीनदा थिएटरला जायचं, चार तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग. या खर्चाला त्यांना खात्री हवी. मुलं घाबरणार नाहीत, मध्येच अवघडल्यासारखं होणार नाही, गाणी माहीत आहेत, शेवट बरा होणार आहे. ओळखीची गोष्ट हा त्यांच्यासाठी विमा आहे. समीक्षकाला जो दोष वाटतो तोच इथे गुण ठरतो.

भारतात त्यात आणखी एक पदर आहे. २०१९चा 'लायन किंग' इथे हिंदीतही आला. मुफासाला शाहरुख खानचा आवाज, सिंबाला त्याचा मुलगा आर्यनचा. बाप-लेकाच्या गोष्टीत खरे बाप-लेक. टिमॉनला श्रेयस तळपदे, पुंबाला संजय मिश्रा. त्या प्रेक्षकाला सिंहाच्या चेहऱ्यावर भाव आहेत का, याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. तो आवाज ऐकायला आला होता आणि ते त्याला मिळाले. न्यूयॉर्कचा समीक्षक आणि नाशिकचं हिंदी शोला गेलेलं कुटुंब एकाच नावाचे दोन वेगळे सिनेमे बघत होते असं म्हटलं तरी चालेल.

बदललं काय आणि काढलं काय

आता सगळ्यात तापलेला मुद्दा. 'यांनी गोष्टच बदलली.'

इथे मी दोन प्रकार वेगळे करतो. जुना कोड नव्याने लिहिताना आम्ही नावं बदलतो, रचना बदलतो, नको ते काढतो, आणि तरीही तो आधीचं काम करत राहतो. पण कधीकधी एखादी ओळ बिनकामाची दिसते म्हणून काढावी आणि कळावं की सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. पहिल्याला बदल म्हणू, दुसऱ्याला खांब काढणं. रिमेकवरच्या प्रामाणिक भांडणात प्रश्न हाच असतो की काढलेली गोष्ट रंग होती की खांब.

२०२५चा 'लिलो अँड स्टिच' घ्या. मूळ २००२चा. हवाईत राहणाऱ्या दोन अनाथ बहिणी. मोठी नानी, धाकटी लिलो. नानीला काम टिकवायचंय, घर चालवायचंय, नाहीतर सरकारी खातं लिलोला घेऊन जाईल. सिनेमाचा जीव 'ओहाना' या हवाईयन शब्दात आहे, अर्थ कुटुंब, ज्यात कुणालाही मागे टाकून जात नाहीत. जुन्या सिनेमात शेवटी दोघी एकत्र राहतात. नव्या सिनेमात नानी समुद्री जीवशास्त्र शिकायला मुख्य भूमीवर, सॅन डिएगोला जाते. लिलोचा ताबा ती सोडते आणि लिलो शेजारच्या टूटूकडे राहते. नानी अधूनमधून येऊ शकते, त्याची सोय सिनेमाने परग्रहावरच्या एका यंत्रातून करून ठेवलीय.

यावरून जोरदार वाद झाला आणि तो मला ऐकण्यासारखा वाटतो. एक बाजू म्हणते, बरं केलं. ऐन तारुण्यातल्या मुलीने स्वतःचं शिक्षण सोडून आईची जागा घ्यावी हे आपण किती दिवस 'त्याग' म्हणून गोड मानायचं? शेजारी आहेत, जीव लावणारी माणसं आहेत, कुटुंब मोठं असू शकतं. दुसरी बाजू म्हणते, अहो, सगळा सिनेमा मूल सरकारच्या हातात जाऊ नये म्हणूनच तर होता. शेवटी तेच होऊ दिलंत, आणि वर त्याला चांगला शेवट म्हणता?

या दुसऱ्या बाजूला हवाईचा इतिहास माहीत असला की धार येते. तिथलं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ती बेटं स्वतःला जोडून घेतली. २००२च्या सिनेमात ताटातूट होणार या भीतीच्या रात्री नानी लिलोला जे गाणं म्हणून दाखवते, ते हवाईच्या त्या शेवटच्या राणीने, लिलिउओकलानीने रचलेलं आहे. ज्याला हे माहीत आहे त्याला 'मुख्य भूमीवर जा, मूल ताब्यात द्या' हा शेवट नुसता करिअरचा निर्णय वाटत नाही. ज्याला माहीत नाही त्याला एका हुशार मुलीला कॉलेज मिळाल्याचा आनंद होतो. दोघांचंही बघणं खरं आहे. मला विचाराल तर इथे खांब हलला. पण पहिल्या बाजूचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण अशा मोठ्या बहिणी आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत.

मराठी प्रेक्षकाला हे समजायला हवाईपर्यंत जायची गरज नाही. २०१६चा नागराज मंजुळेंचा 'सैराट' आणि २०१८चा हिंदी 'धडक' आठवा. 'झिंगाट' तिथेही होतं. करमाळ्याच्या जागी उदयपूर आलं, त्याचं फार कुणाला दुःख नव्हतं, तो रंग होता. आक्षेप होता तो जात पुसट झाली यावर. 'सैराट'मध्ये वर्गात, विहिरीवर, घराच्या उंबऱ्यावर सगळीकडे जात आहे, म्हणून तो शेवट येतो. ती पुसली की शेवट नुसता धक्का उरतो. ज्यांना हे जाणवलं त्यांना 'धडक' पोकळ वाटला. ज्यांनी 'सैराट' बघितलाच नव्हता त्यांना ती एक दुःखी प्रेमकथा वाटली.

आता याच गर्दीत एक तिसरा आवाज मिसळलेला असतो आणि तो वेगळा ओळखता आला पाहिजे. २०१६च्या 'घोस्टबस्टर्स'मध्ये चार बायका मुख्य भूमिकांत घेतल्या म्हणून ट्रेलरवरच नापसंतीचा ढीग पडला आणि लेस्ली जोन्सला ट्विटरवर इतकी वर्णद्वेषी शिवीगाळ झाली की ती काही दिवस तिथून निघून गेली. 'लास्ट जेडाय'नंतर केली मरी ट्रॅनने २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. २०२३च्या 'द लिटिल मरमेड'मध्ये हॅली बेली ही कृष्णवर्णीय अभिनेत्री एरियल झाली, तेव्हा आयएमडीबीला सूचना लावावी लागली की या सिनेमावर नेहमीपेक्षा वेगळं मतदान दिसतंय, म्हणून गुण वेगळ्या पद्धतीने काढलेत.

'घोस्टबस्टर्स' फार विनोदी नाही असं म्हणणारा प्रत्येक जण द्वेष करणारा नव्हता. आणि या प्रत्येक वादात द्वेष करणारे नव्हतेच असंही नाही. मी ओळखतो ते असं की समोरचा सिनेमातल्या एखाद्या प्रसंगाबद्दल बोलतोय का? 'अमुक प्रसंगात तिचा निर्णय पटत नाही' म्हणणाऱ्याशी तासभर बोलता येतं. जो फक्त कोणाला घेतलं यावर थांबतो, आणि सिनेमा यायच्या सहा महिने आधीच थांबलेला असतो, त्याच्याशी सिनेमाबद्दल बोलण्यासारखं काही नसतं.

हा वाद स्टुडिओला ऐकू येतो का?

फार कमी. तिकीटबारी ऐकू येते.

२०२४ मध्ये जगभरात सर्वांत जास्त कमाई करणारे दहा सिनेमे काढून बघा. जवळजवळ सगळे सीक्वेल, आणि उरलेले आधीच्या गाजलेल्या कलाकृतीवर बेतलेले. पडद्यासाठीच नव्याने लिहिलेली, पूर्वी कुठेच नसलेली गोष्ट त्या दहात एकही नाही. आता स्टुडिओत बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. शे-दोनशे कोटी... रुपये नाही, शे-दोनशे मिलियन डॉलर, म्हणजे दहा-वीस कोटी डॉलर लावायचेत. एका बाजूला कुणी न ऐकलेलं नाव, दुसऱ्या बाजूला आई-बापांनी लहानपणी ऐकलेलं नाव. ओळख करून द्यायचा खर्चच वाचतो.

पण ही खात्रीही कच्ची आहे. २०२५ मध्ये डिस्नेने मार्चमध्ये 'स्नो व्हाइट' आणला आणि मेमध्ये 'लिलो अँड स्टिच'. स्टुडिओ तोच, जुन्या ॲनिमेशनचा खऱ्या माणसांसह रिमेक हे सूत्रही तेच. पहिला तोंडावर आपटला, दुसऱ्याने १०० कोटी डॉलर ओलांडले. दोन्हींवर इंटरनेटवर कडाडून टीका झाली होती. म्हणजे टीका झाली म्हणून सिनेमा पडतो असं नाही, आणि ओळखीचं नाव आहे म्हणून चालतो असंही नाही.

यात आपल्या हातात काय येतं? रिमेकवर चिडून तिकीट काढणारा आणि आवडीने तिकीट काढणारा हिशेबात सारखाच दिसतो. आणि 'नवीन गोष्टी का येत नाहीत' म्हणणाऱ्याने नव्या गोष्टीचं तिकीट काढलं नाही, तर त्याचं ते म्हणणं कुठेच नोंदवलं जात नाही.

शिवाय पहिल्या आठवड्याचा निकाल शेवटचा नसतो. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' १९८२च्या जूनमध्ये आला. १९५१च्या एका सिनेमाची ही नवी आवृत्ती. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा प्रेमळ परग्रहवासी 'ई.टी.' आला होता, आणि इथे अंगावर शिसारी आणणारा. समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षक आले नाहीत. आज तो भयपटांमधला मानाचा सिनेमा आहे. गंमत म्हणजे मूळ कथेतली रूप बदलणाऱ्या जीवाची कल्पना १९५१च्या सिनेमाने सोडून दिली होती, ती या 'नकले'ने परत आणली. सिनेमा तोच राहिला. आजूबाजूचा 'ई.टी.' सरला आणि नवे प्रेक्षक कोऱ्या डोक्याने आले.

पुढच्या वेळी

तर पुढच्या वेळी ग्रुपवर 'बकवास' आणि 'भारी' असा सामना सुरू झाला, की टक्का फेकण्याआधी तीन गोष्टी विचारून बघा. तू मूळ सिनेमा बघितला होतास का, आणि कोणत्या वयात? कुणाबरोबर आणि कशासाठी गेला होतास? आणि नव्या सिनेमात नेमकं काय काढलं, जे राहायला हवं होतं? निम्मी भांडणं पहिल्या प्रश्नालाच विरतात, कारण कळतं की दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल बोलत होते. उरलेली निम्मी तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचतात आणि ती भांडण्यासारखी असतात. ती घाला. 'ओहाना'चा अर्थ काय, यावर घरात वाद झाला तर सिनेमाने त्याचं काम केलंय.

'लायन किंग'बद्दल माझं मत मागाल तर १९९४चाच. त्या चेहऱ्यांसाठी. पण ज्या मुलांना सिंबा पहिल्यांदा २०१९ मध्ये भेटला, ती आणखी वीस वर्षांनी पुढच्या रिमेकवर चिडून हेच सगळं बोलणार आहेत, आणि तेव्हा त्यांचं म्हणणंही तितकंच खरं असेल.

तुमच्या डोक्यात कोणता जुना सिनेमा बसलाय, ज्याला कुणी हात लावलेला तुम्हाला चालणार नाही? नाव लिहा, आणि एका ओळीत त्याचा खांब कोणता तेही लिहा. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवेन. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच.